पाठमोरा राजपुत्र

"राजपुत्राला कोण आहे?" मी विचारलं.

आमच्या डबिंगच्या दिग्दर्शिका दाभाडेबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि समोरचा कागदांचा गठ्ठा टेबलावर उगाचच आपटून सरळ केला. बाई असं करायला लागल्या की पुढे काहीतरी गैरसोयीचं येतं, हे मला पंधरा वर्षांच्या ओळखीनं ठाऊक होतं.

"आधी गोष्ट तर ऐक."

"गोष्ट वाचली बाई. राजपुत्राचा आवाज कोण देतंय?"

"शिरीष," बाई म्हणाल्या. "आणि आता उठू नकोस."

मी उठलेच होते. शिरीष टिळेकर माझा नवरा होता आणि आणखी फक्त सहा महिने राहणार होता. आदल्याच आठवड्यात आम्ही दोघांनी फॅमिली कोर्टात संमतीनं घटस्फोटाचा अर्ज टाकला होता. कायदा अशा वेळी नवराबायकोला विचार करायला सहा महिने देतो. मग पुन्हा बोलावून विचारतात, की विचार बदलला का. दोघांपैकी एकानं जरी "हो" म्हटलं, तरी सगळं तिथंच थांबतं. हे बाईंना माहीत होतं. पुण्यातल्या झाडून सगळ्या रेकॉर्डिंगवाल्यांना माहीत होतं.

"मुद्दाम केलंत ना?"

"मला राजपुत्राला त्याचा आवाज हवाय आणि त्या मुलीला तुझा. तुमच्या संसाराशी मला काय करायचंय?" बाई धडधडीत खोटं बोलल्या. "तो सकाळी दहा ते एक येईल, तू दुपारी तीनला ये. गाठसुद्धा पडणार नाही. डबिंगमध्ये कोण कुणाला भेटतं?"

हे मात्र खरं होतं. आमच्या धंद्यात प्रत्येक जण बूथमध्ये एकटा असतो. समोर पडदा, कानावर हेडफोन, हातात कागद. आधी ज्याचं रेकॉर्डिंग झालं असेल त्याचा आवाज कानात येतो आणि आपण त्याला उत्तर द्यायचं. पडद्यावर गळ्यात गळे घालणाऱ्यांचे मराठी आवाज एकमेकांना जन्मात भेटलेले नसतात. एका मालिकेत मी दोन वर्षं एकाची आई होते आणि तो एका लग्नात मला विचारत होता, की आपण कुठल्या बाजूच्या?

मी काम घेतलं. का घेतलं, तर काम चांगलं होतं. दुसरं कारण मी तेव्हा स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

चाळीस भागांची चिनी मालिका होती. लिन युए नावाची आजच्या काळातली मुलगी, संग्रहालयात जुनी राजवस्त्रं सांधणारी, ग्रहणाच्या दिवशी एका विहिरीत पडते आणि तीनशे वर्षं मागे, बादशहाच्या महालात दासी म्हणून वर येते. आमच्याकडे बाई विहिरीत पडली की बातमी वेगळी येते, असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं आणि रेकॉर्डिस्ट रियाज मुलाणी काचेपलीकडे खदखदून हसला. चाळिशीकडे झुकलेला, कानाचा फार तयार माणूस होता तो. स्टुडिओ एरंडवण्यात एका दातांच्या दवाखान्याच्या खाली, तळघरात होता. वर कुणाची दाढ कोरायला घेतली की खाली अख्खा चिनी दरबार ठप्प व्हायचा.

त्या दरबारात सगळे तोंडाळ. राण्या कट करतात, प्रधान कान भरतात, खोजे चहाड्या सांगतात. एकटा सातवा राजपुत्र तेवढा मूग गिळून बसलेला. लिन युएवर त्याचा जीव जडतो, पण तोंडातून ब्र काढत नाही. थंडीत तिच्या दाराशी शेगडी ठेवून जातो. तिला शिक्षा झाली की स्वतः बर्फात तिच्या शेजारी गुडघे टेकून बसतो. मालिका लागल्यावर अकोल्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं, की या मेल्याचं तोंड कुणी शिवलंय का. मी ते वाचून टाळी दिली होती. कुणाला, ते आठवत नाही. घरात तेव्हा मी एकटीच होते.

शिरीषला ती भूमिका अंगाबरहुकूम शिवलेल्या कपड्यासारखी बसली, यात नवल काहीच नव्हतं. त्याच्या आवाजानं कुकर विकले, विमा विकला. पुण्यातल्या निम्म्या लिफ्टमध्ये माझा नवरा बोलायचा, की दरवाजा बंद होत आहे. घरात मात्र बोलायचा नाही. माझं उलटं. माझी उचलली जीभ लावली टाळ्याला. अकरा वर्षं मी बोलले आणि त्यानं ऐकलं. ऐकलं का, तेही मला कधी कळलं नाही.

तिसऱ्या वेळी पाचव्या महिन्यात माझं मूल गेलं, तेव्हा मी चार दिवस दवाखान्यात होते. चारही दिवस तो खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होता. मोसंबी सोलायचा. फोडीवरचं पातळ सालसुद्धा काढायचा, बिया काढायचा आणि बशीत मांडून ठेवायचा. चौथ्या दिवशी मी ओरडले, "शिरीष, काहीतरी बोल!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "पेज आणू?"

त्या बशीवर मी हात मारला. फोडी खोलीभर झाल्या. त्यानं एकेक उचलली, फरशी पुसली आणि पेज आणायला गेला. पुढे दीड वर्षानं एका रविवारी मी म्हटलं, वेगळं होऊ या. नको म्हणेल, भांडेल, निदान का म्हणून विचारेल, असं मला वाटलं होतं. तो खूप वेळ हातातल्या कपाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुला तसं हवं असेल तर."

मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. या सहा महिन्यांत त्यानं एकदा, एकदाच मला "राहा" म्हणावं, मी न्यायाधीशासमोर कागद फाडेन. हे मी बाईंना सांगितलंही होतं.

"मग तूच म्हण की त्याला," बाई म्हणाल्या.

"मी का म्हणू? अकरा वर्षं मीच बोलतेय. एक शब्द त्याचा हवा मला. एक."

"तू पण ना सुनेत्रा, नाकावर माशी बसू देत नाहीस."

"नाही देत."

असे ते महिने सुरू झाले. पहिले काही दिवस मी शिरीषचा आवाज कानात कमी ठेवायला सांगायचे. कामापुरता. माझं सगळं लक्ष लिन युएच्या ओठांवर. ते मिटले की आपल्या वाक्यात तिथं प, ब, म असलं काहीतरी यायला हवं, उघडे राहिले तर शेवट आ-कारात हवा. दोन अक्षरांत ती बया "दासी चुकली, क्षमा असावी" एवढं सगळं म्हणून मोकळी व्हायची आणि मला धाप लागायची.

मग हळूहळू काय झालं कुणास ठाऊक. दहाव्या-बाराव्या भागात राजपुत्र तिला म्हणतो, "तुझे हात गार पडलेत." एवढंच वाक्य. ते शिरीष इतकं हलकं म्हणाला होता, की मी माझी ओळ विसरले.

"मॅडम?" रियाज म्हणाला.

"परत लाव. जरा मोठा आवाज दे."

पुढे मी तीनऐवजी अडीचला जायला लागले. "संदर्भ कळायला हवा" असं सांगून त्याचं सकाळचं सगळं रेकॉर्डिंग ऐकायचे. रियाज काही बोलायचा नाही, हेडफोन पुसून पुढे करायचा. लाज सोडून सांगायचं तर मी माझ्याच नवऱ्याच्या प्रेमात पुन्हा पडले होते, दोन्ही कानांनी. घरी येऊन फोनकडे बघत बसायचे. फोन लिफ्टपेक्षाही मुका होता.

त्या सहा महिन्यांत आमची गाठ एकदाच पडली. त्याचं काम लांबलं होतं आणि मी लवकर आले होते. तळघराच्या जिन्यात तो वर येत होता, मी खाली उतरत होते. मी भिंतीला टेकून त्याला वाट दिली. तो माझ्या दोन पायऱ्या खाली थांबला. हातात गुंडाळलेला कागद होता, तो त्यानं आणखी घट्ट गुंडाळला.

"वर ड्रिल चालू आहे," तो म्हणाला. "पाच मिनिटं थांबावं लागेल तुला."

"बरं."

आणखी काही येईल म्हणून मी थांबले. तो मान हलवून निघून गेला. खाली गेल्यावर मी रियाजवर विनाकारण खेकसले.

आता शिरीषची एक खोड सांगायला हवी. पडद्यावरच्या माणसाची पाठ वळली, की शिरीषला वाचा फुटायची. पाठमोऱ्या शॉटमध्ये ओठ दिसत नाहीत, त्यामुळे वाट्टेल ते भरता येतं. बरेच आर्टिस्ट एखादा हुंकार, एखादा उसासा टाकतात. शिरीष वाक्यंच्या वाक्यं टाकायचा. एकदा त्यानं एका पाठमोऱ्या पोलिसाला घरी भाजी काय न्यायची ते बोलायला लावलं होतं आणि ते तसंच टीव्हीवर गेलं. लोक हसायचे, दिग्दर्शक खूश असायचे. मी चिडायचे. कागदावर नाही ते बोलायचं नाही, मुळात गप्प असेल तर गप्पच राहायचं, ही माझी शिस्त. यावरून आमची घरी भांडणं झाली होती. म्हणजे मी भांडले होते.

शेवटचा भाग मार्चमध्ये आला. गुरुवारी कोर्टाची तारीख होती. सोमवारी सकाळी शिरीषचं काम संपलं, मंगळवारी माझं. बाई त्या दिवशी आल्या नव्हत्या, रियाज आणि मी दोघंच होतो.

शेवटचा प्रसंग विहिरीपाशी. ग्रहण लागायला आलंय. आत्ता उडी मारली तरच लिन युए आपल्या काळात परत जाणार, नाहीतर कायमची इथंच. ती थांबली आहे ती फक्त राजपुत्रासाठी. तो येतो, तिच्याकडे पाठ करून विहिरीच्या काठाशी उभा राहतो. मूळ चिनीत इथं अकरा सेकंद काहीच नाही. नुसता वारा. मग ती आपली ओळ म्हणते आणि उडी घेते.

मी हेडफोन लावला. दृश्य सुरू झालं. राजपुत्र पाठमोरा झाला, वारा सुरू झाला आणि माझ्या कानात शिरीष बोलला.

"जाऊ नकोस. मला बोलायला जमत नाही, म्हणून आत काही नाही असं समजू नकोस. राहा."

आवाज राजपुत्राचाच होता, जरा खालच्या पट्टीतला. मी कागद पाहिला. कागदावर त्या जागी कंसात लिहिलं होतं, शांतता.

"थांबव," मी म्हणाले.

रियाजनं थांबवलं.

"हे कागदावर नाही."

"नाही मॅडम. सरांनी टाकलंय."

"बाईंना विचारलं होतं का?"

"बाई होत्या काल. म्हणाल्या, आधी सुनेत्राला ऐकू दे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं, ते जसंच्या तसं सांगते, कारण पुढे मी ते हजार वेळा तपासलंय. मला वाटलं, बघा, जमतं याला. एका चिनी दासीसाठी जमतं. मी चार दिवस खाटेवर पडून ज्यासाठी तडफडले, ते या माणसानं एका परक्या पोरीला पाठमोऱ्या शॉटमध्ये फुकट देऊन टाकलं. तिच्या तोंडात माझाच आवाज होता, तरी मी तिच्यावर जळले. आणि वर ही त्याची जुनी खोड. मुळातल्या त्या सुंदर शांततेची माती केली होती.

"काढून टाक ते," मी म्हणाले.

रियाज हलला नाही. "मॅडम, एकदा परत ऐकता का?"

"काय ऐकायचंय त्यात?"

"नाही, म्हणजे... एकदा."

"रियाज, मुळात तो गप्प आहे. गप्पच राहू दे त्याला."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यानं काहीतरी बटण दाबलं. दृश्य पुन्हा सुरू झालं. राजपुत्र पाठमोरा झाला. अकरा सेकंद वारा. मग मी माझी ओळ घेतली.

"तुम्ही एक शब्द बोलला असतात, तर मी गेले नसते."

पहिल्याच टेकमध्ये. श्वास कुठे तुटावा, कुठे आवाज कापावा, सगळं आपोआप झालं. पुढे त्या एका वाक्याचं फार कौतुक झालं. लोक मला अजून ते म्हणून दाखवायला सांगतात. तेव्हा काचेतून मी रियाजकडे पाहिलं, तो नेहमीसारखा अंगठा वर करेल म्हणून. तो खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला.

"ऐकलंस?"

"ऐकलं. काढायला लावलं."

"काय काढायला लावलंस, ते कळलंय ना तुला?"

"वीस वर्षं हेच काम करतेय मी, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या. "तुझा निर्णय." आणि फोन ठेवला. बाईंना असं तोडून बोलायची सवय नव्हती. त्यांची तब्येत बरी नसेल, असं मी धरून चालले.

गुरुवारी कोर्टाच्या व्हरांड्यात शिरीष आधीच येऊन बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. वकील आत-बाहेर करत होते. आमच्या आधीचे दोन पुकारे झाले, तरी आम्ही तसेच.

"रेकॉर्डिंग झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"शेवटचा भाग?"

"तोही."

त्यानं तळहात गुडघ्यावर घासले. "ऐकलंस तू?"

"हो. तुझं ते वाढवलेलं मी काढायला लावलं."

"रियाज म्हणाला."

"मूळ सीनमध्ये शांतता आहे, शिरीष. ती किती चांगली आहे. तुला कळायला हवं होतं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत असल्यासारखा. मीही पाहत राहिले, कारण मीसुद्धा शोधत होते. आता बोलेल, आत्ता बोलेल. देवाशपथ सांगते, त्यानं नुसतं माझं नाव घेतलं असतं तरी मी उठून त्याचा हात धरला असता.

"बरं केलंस," तो म्हणाला. "मुळात नव्हतंच ते."

मग आमचा पुकारा झाला. न्यायाधीशबाई वयस्क होत्या. त्यांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं.

"विचार बदलला आहे का?"

शिरीषनं मान वळवून मला पाहिलं. मी समोर पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

"तुमचा?"

"नाही," मीही म्हणाले.

बाहेर आल्यावर तो नाक्यापर्यंत माझ्याबरोबर चालला. माझी पिशवी त्याच्या हातात कधी गेली, ते मला कळलं नाही. नाक्यावर त्यानं ती मला दिली आणि डावीकडे वळला. मी घरी येऊन कोरड्या डोळ्यांनी भात टाकला. सवयीनं दोघांचा टाकला होता.

पुढे तो नाशिकला गेला. तिथल्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईशी त्यानं लग्न केलं, त्यांना एक मुलगी आहे. हे मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही, तुकड्या-तुकड्यांनी कळलं. दाभाडेबाई दोन वर्षांनी गेल्या. शेवटच्या दिवसांत मी त्यांच्याकडे जात असे, पण शिरीषचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मला त्याचं बरंच वाटायचं.

मी एकटी राहिले. दुसरं कुणी जमलं नाही, मी फारसं जमवलंही नाही. कुणी विचारलं, की अगं झालं काय होतं, तर माझं उत्तर तयार असे. बहिणीला, मैत्रिणींना, एकदा एका मासिकाच्या मुलाखतीतसुद्धा मी तेच सांगितलं. अकरा वर्षांत माझ्या नवऱ्यानं मला एकदाही "राहा" म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर मी कोर्टाच्या पायरीवरून परत फिरले असते. सांगून सांगून ते वाक्य इतकं घोटलं गेलं होतं, की कुठे थांबायचं हेही ठरलेलं असे.

सहा वर्षं झाली आणि डिसेंबरात एका कार्टूनच्या कामासाठी मी रियाजकडे गेले. त्यानं कोथरूडला स्वतःचा स्टुडिओ काढला होता. मी एका म्हाताऱ्या कासवीचा आवाज देत होते. मधल्या वेळात आम्ही चहा घेत बसलो.

"मॅडम, ती चिनी मालिका आठवते का? माझी बायको परत बघतेय. चाळीसच्या चाळीस भाग."

"आठवते की. तो मुखदुर्बळ राजपुत्र."

"हां."

"आमच्या घरी तसलाच होता," मी म्हणाले आणि माझं ते घोटलेलं वाक्य सुरू झालं. "अकरा वर्षांत एकदा 'राहा' म्हणाला नाही बघ रियाज. म्हणाला असता ना, तर मी..."

रियाजनं कप खाली ठेवला. "असं का म्हणता मॅडम? म्हणाले होते की."

"काय म्हणाले होते?"

"विहिरीवर. शेवटच्या भागात."

"ते राजपुत्राचं रे. त्याचं ते नेहमीचं, पाठमोऱ्या शॉटमधलं."

रियाज माझ्याकडे बघतच राहिला. बोलावं की नाही, असं त्याचं चाललं असावं. मग तो अगदी हळू बोलायला लागला.

"ते मालिकेत जाणारच नव्हतं, मॅडम. सरांनी मला आधीच सांगितलं होतं. म्हणाले, हे फायनलला घ्यायचं नाही, वेगळ्या ट्रॅकवर ठेव. फक्त मॅडमच्या हेडफोनला दे."

मी हातातला चहा बाजूला सरकवला.

"सर म्हणजे वन-टेक माणूस. त्या दिवशी तेवढ्या तीन वाक्यांना सव्वा तास लागला. मधेच बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आले. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनीच सरांना सांगितलं होतं म्हणे, समोर उभं राहून नाही जमत तर माईकवर बोल, पण बोल. मला म्हणाल्या, त्याला घाई करू नकोस."

"मी तर ते काढायला लावलं."

"काढायला काही नव्हतंच. तुम्ही म्हणालात म्हणून मी नुसता तो ट्रॅक बंद केला. आम्हाला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि नको म्हणताय. बाईंनाही तेच वाटलं. म्हणून मग कुणी विषय काढला नाही."

"मला कळलं नाही, रियाज." माझा आवाज फाटला. आयुष्यभर मी आवाजावर पोट भरलं, पण असा आवाज माझ्या गळ्यातून कधी आला नव्हता. "देवाची शपथ, मला नाही कळलं."

तो खाली बघत होता, त्या दिवशीसारखाच.

मी विचारलं, "शिरीषला तू काय सांगितलंस?"

"जाऊ दे ना, मॅडम."

"सांग."

"संध्याकाळी त्यांचाच फोन आला. तुम्ही तोंड धुवायला गेला होतात. त्यांनी विचारलं, ऐकल्यावर काय म्हणाली? मी... तुम्ही जे म्हणालात तेच सांगितलं."

"काय म्हणाले होते मी?"

"'गप्पच राहू दे त्याला.'"

बाहेर कुणीतरी स्टुडिओचं दार वाजवलं. रियाज उठला नाही.

"मग तो काय म्हणाला?"

"काहीच नाही. मला वाटलं, फोन कटला. मी हॅलो हॅलो केलं. मग म्हणाले, ती निघाली का? तिथं सहानंतर रिक्षा मिळत नाही. एखादी बघून दे तिला."

रिक्षा रियाजनं खरंच बघून दिली होती. चौकापर्यंत पळत जाऊन घेऊन आला होता. मी आत बसता बसता त्याला म्हटलं होतं, "रियाज, एवढी काळजी माझ्या नवऱ्यानं कधी केली नाही बघ."